पब्लिक स्कूलमध्ये कोडिंगसाठी ग्रँट हवी आहे? आधी टाइमटेबल बघा

रविवारची मराठी शाळा सुटली की कोणी ना कोणी मला थांबवतंच. “ताई, आमच्या मुलाच्या शाळेत कोडिंग नावालाही नाही. प्रिन्सिपल म्हणतात पैसे नाहीत. ग्रँट कशी मिळवायची?” विचारणाऱ्यांत आयटीतले आईबाबा असतात, तसे नुकतेच इथे शिक्षकी पेशात आलेले मराठी लोकही असतात. मी न्यू जर्सीतल्या एका पब्लिक, म्हणजे सरकारी, मिडल स्कूलमध्ये सोळा वर्षं विज्ञान शिकवते, गेली नऊ वर्षं त्यासोबत कम्प्युटर सायन्सही. या काळात अकरा अर्ज लिहिले, त्यातले सहा मंजूर झाले. पार्किंगमध्ये उभ्याउभ्या दहा मिनिटांत सांगता येत नाही ते सगळं इथे नीट मांडते.

पहिल्या मंजूर अर्जापासून सुरुवात करते, कारण पुढचं सगळं त्यातूनच शिकले. एका कंपनीच्या फाउंडेशनकडून आम्हाला रोबोटिक्सची बारा किट्स मिळाली. सगळेच्या सगळे पैसे मी किट्समध्ये घातले होते. पहिल्या वर्षी मुलं खूश होती, मीही होते. दुसऱ्या वर्षी मी बाळंतपणाच्या रजेवर गेले. ती किट्स कशी वापरायची हे दुसऱ्या कुणाला शिकवलेलंच नव्हतं, वेळापत्रकात त्यासाठी तासही नव्हता. परत येऊन कपाट उघडलं तर बॅटऱ्या मेलेल्या आणि सुटे भाग एकमेकांत मिसळलेले. सहावीत असताना “आम्हाला कधी मिळणार?” असं विचारणारी मुलं तोवर आठवीच्या शेवटाला आली होती. त्यांना ते मिळालंच नाही. आधी कळस मग पाया, असं काम झालं होतं.

म्हणून माझं पहिलं सांगणं असं, की अर्जाचा फॉर्म उघडण्याआधी तीन प्रश्नांची उत्तरं कागदावर लिहा. हे कोण शिकवणार? कुठल्या तासाला शिकवणार? आणि ग्रँटचे पैसे संपल्यावर तिसऱ्या वर्षी काय होणार? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर प्रिन्सिपलच्या हातात असतं, म्हणून पैसे शोधायच्या आधी त्यांना भेटा. पुढच्या वर्षाचं वेळापत्रक बहुतेक शाळांत वसंतातच आकार घेतं. तोपर्यंत तुमचा विषय त्यात बसला नाही, तर सप्टेंबरात आलेली ग्रँट शाळा सुटल्यानंतरच्या क्लबात जाते.

क्लब वाईट नसतो, पण त्यात कोण येऊ शकतं ते बघा. आमच्याकडे सहावी ते आठवीत मिळून ५४० मुलं, कोडिंग क्लबात ३१, त्यात मुली ६. मी चार आठवडे हजेरी आणि बसची यादी शेजारीशेजारी ठेवून पाहिली. शाळेनंतर थांबणाऱ्या मुलांना उशिरा घरी सोडणारी लेट बस ज्या भागात जात नाही, तिथलं एकही मूल क्लबात नव्हतं. ज्यांना घरी जाऊन धाकट्या भावंडांना सांभाळायचं असतं, तीही नव्हती. अर्जातला ‘गरज’ हा भाग मला तिथे सापडला.

‘स्टेटमेंट ऑफ नीड’ म्हणतात तो हाच भाग. “आमच्याकडे तीस क्रोमबुक्स (वर्गात वापरायचे लॅपटॉप) नाहीत” ही गरज नव्हे, ती खरेदीची यादी झाली. गरज म्हणजे कोणत्या मुलांना काय मिळत नाही, ते कशावरून कळतं आणि का मिळत नाही. माझं वाक्य शेवटी असं झालं : “आमच्या ५४० पैकी ३१ मुलं प्रोग्रॅमिंग शिकतात, कारण ते फक्त शाळा सुटल्यावर शिकवलं जातं, विज्ञानाच्या नेहमीच्या तासात आणलं तर ते ५४० जणांपर्यंत पोचेल.” हे एक वाक्य घडवायला मला दोन आठवडे लागले. तो वेळ सत्कारणी लागला, कारण पुढची पानं त्याच वाक्यातून निघाली.

आकडे जवळच असतात. राज्याच्या शिक्षण खात्याचे शाळानिहाय अहवाल असतात, केंद्राच्या ‘नॅशनल सेंटर फॉर एज्युकेशन स्टॅटिस्टिक्स’कडे प्रत्येक पब्लिक स्कूलची मूलभूत माहिती असते. देणाऱ्या संस्था बहुधा मोफत किंवा सवलतीच्या जेवणासाठी पात्र मुलांचं प्रमाण विचारतात. घरचं उत्पन्न दारिद्र्यरेषेच्या १३० टक्क्यांपर्यंत असेल तर जेवण मोफत, १८५ टक्क्यांपर्यंत असेल तर सवलतीत. पण तुमची शाळा ‘कम्युनिटी एलिजिबिलिटी’च्या योजनेत असेल तर तिथे सगळ्यांनाच मोफत जेवण मिळतं आणि घरोघरचे अर्ज भरून घेत नाहीत. मग त्या जागी कुठला आकडा द्यायचा हे डिस्ट्रिक्टच्या (गावातल्या पब्लिक स्कूल्स चालवणाऱ्या यंत्रणेच्या) ऑफिसला विचारा, अंदाजानं भरू नका. आणखी एक : गट फार लहान असेल तर आकड्यावरून मूल ओळखू येतं. “आठवीतल्या दोन मुली” असं लिहू नका. विद्यार्थ्यांच्या नोंदींची गोपनीयता जपणारा ‘फर्पा’ कायदा १९७४ पासून आहे आणि ग्रँटच्या अर्जातही तो पाळायचा असतो.

आता पैसे कुठे असतात ते. बहुतेक जण सरळ मोठमोठ्या फाउंडेशनांची नावं शोधायला बसतात. मी आधी स्वतःच्या डिस्ट्रिक्टच्या घरात बघायला सांगते, कारण केंद्राचे काही पैसे तिथे दरवर्षी येतच असतात आणि ते कशावर खर्चायचे याची चर्चाही दरवर्षी होते.

त्यातला आपल्या कामाचा पहिला निधी ‘टायटल फोर, पार्ट ए’. २०१५ च्या ‘एव्हरी स्टुडंट सक्सीड्स ॲक्ट’नं तो आणला. ज्या डिस्ट्रिक्टला यातून ३०,००० डॉलर किंवा जास्त मिळतात, त्यांनी आधी गरजांची पाहणी करायची असते. मग किमान २० टक्के ‘वेल-राउंडेड’ म्हणजे सर्वांगीण शिक्षणावर, किमान २० टक्के मुलांच्या आरोग्य-सुरक्षेवर आणि काही भाग तंत्रज्ञानाच्या परिणामकारक वापरावर खर्चायचा असतो. विज्ञान, इंजिनिअरिंग, कम्प्युटर सायन्स ‘वेल-राउंडेड’मध्ये बसतात. लोक चुकतात ते पुढच्या अटीत : तंत्रज्ञानासाठी ठेवलेल्या भागातले १५ टक्क्यांहून जास्त पैसे उपकरणं आणि यंत्रणांवर घालता येत नाहीत. म्हणजे “टायटल फोरमधून लॅपटॉप घेऊ” असं म्हणत गेलात तर लगेच अडाल; “शिक्षकांना शिकवू, अभ्यासक्रम लिहू” म्हणालात तर वाट मोकळी आहे. आणि ही योजना आखताना डिस्ट्रिक्टनं पालक आणि शिक्षकांशी सल्लामसलत करावी, असं कायदाच सांगतो. ती बैठक कधी असते, एवढं विचारणारी एक ईमेल कुणीही पालक आज पाठवू शकतो.

‘टायटल टू, पार्ट ए’ शिक्षकांच्या प्रशिक्षणासाठी आहे. विज्ञानाच्या शिक्षकाला प्रोग्रॅमिंग शिकायला पाठवायचं असेल तर त्याबद्दल विचारा. करिअर-टेक्निकल शिक्षणासाठीचा पर्किन्स कायदा २०१८ मध्ये सुधारला गेला. त्याचे पैसे आता पाचवीपासूनच्या मुलांसाठीही वापरता येतात, हे मिडल स्कूलवाल्यांना सहसा माहीत नसतं. तिथे दर दोन वर्षांनी स्थानिक गरजांची पाहणी होते. त्या पाहणीत कम्प्युटर सायन्सचा उल्लेख नसेल तर नंतर मागूनही मिळायचं नाही, म्हणून पाहणीच्याच वेळी बोला. आणि ‘ई-रेट’. १९९६ च्या टेलिकम्युनिकेशन्स कायद्यातून आलेली ही योजना इंटरनेट जोडणीवर २० ते ९० टक्के आणि शाळेच्या आतल्या वाय-फायच्या जाळ्यावर २० ते ८५ टक्के सवलत देते. मुलांच्या हातातले लॅपटॉप त्यात येत नाहीत. पण वर्गातलं वाय-फाय चोवीस मुलं एकदम आली की कोलमडत असेल, तर कोडिंगच्या ग्रँटमधून राउटर मागू नका, डिस्ट्रिक्टच्या टेक्नॉलॉजी विभागाला ई-रेटबद्दल विचारा.

टायटल आणि पर्किन्सच्या या पैशांबाबत एक वाक्य वारंवार कानावर येईल : ‘सप्लिमेंट, नॉट सप्लांट’. राज्य आणि डिस्ट्रिक्ट स्वतःच्या पैशानं जे करतच आहेत, त्याच्या जागी हे पैसे वापरायचे नाहीत, त्यात भर म्हणून वापरायचे.

पण एकाच खांबावर घर बांधू नका. कोविडच्या काळात केंद्रानं शाळांना तीन टप्प्यांत सुमारे १९० अब्ज डॉलर दिले. त्यातल्या शेवटच्या टप्प्याचे पैसे खर्चाला बांधायची मुदत ३० सप्टेंबर २०२४ ला संपली. त्या पैशावर नेमलेल्या शिक्षकांचं पुढे काय, हा प्रश्न त्या वर्षी कितीतरी डिस्ट्रिक्ट्सना पडला. २०२५ मध्ये नॅशनल सायन्स फाउंडेशननं चालू असलेल्या शेकडो ग्रँट्स मध्येच रद्द केल्या आणि त्यात विज्ञान-शिक्षणाच्या पुष्कळ होत्या. त्याच वर्षी १ जुलैला मिळायचे टायटल टू-ए आणि फोर-एचे पैसे अडवून ठेवले गेले. ते महिनाअखेर सुटले, पण त्या चार आठवड्यांत उन्हाळी प्रशिक्षण ठरवून बसलेल्या शिक्षकांची फार घालमेल झाली. तेव्हापासून माझ्या प्रत्येक योजनेत निदान दोन झरे असतात, आणि त्यातला एक गावातला.

गावातला झरा म्हणजे लोकल एज्युकेशन फाउंडेशन (शाळांसाठी देणग्या जमवणारी गावातली संस्था) आणि पीटीए (पालक-शिक्षक संघ). फाउंडेशन डिस्ट्रिक्टपासून कायद्यानं वेगळं, ५०१(सी)(३) म्हणजे करमुक्त धर्मादाय संस्था असतं. याचा उपयोग असा, की काही कंपन्या आणि फाउंडेशनं थेट शाळेला पैसे देत नाहीत, त्यांना ५०१(सी)(३)च लागतं. मग एज्युकेशन फाउंडेशन पैसे स्वीकारतं आणि शाळेकडे देतं. हे आधी लेखी ठरवून घ्या. लहान गोष्टींसाठी ‘डोनर्सचूज’ आहे. २००० साली ब्राँक्समधल्या चार्ल्स बेस्ट या शिक्षकानं ते सुरू केलं. तिथे पैसे शिक्षकाच्या हातात येत नाहीत, वस्तू विकत घेऊन शाळेत पाठवल्या जातात. काही डिस्ट्रिक्ट्सना अशा मागणीआधी परवानगी हवी असते, तेव्हा प्रिन्सिपलना सांगितल्याशिवाय काही टाकू नका.

आणि आता खास आपल्या लोकांसाठी. आपल्यातले कितीतरी जण मोठ्या कंपन्यांत आहेत. त्यातल्या बऱ्याच कंपन्या कर्मचाऱ्याच्या देणगीइतकीच रक्कम स्वतः घालतात, काही तर शाळेत स्वयंसेवक म्हणून दिलेल्या तासांचेही पैसे शाळेला देतात. हे पैसे दरवर्षी तसेच पडून राहतात, कारण कुणी फॉर्म भरत नाही. आमच्या मराठी शाळेतल्या सात पालकांनी एका डिसेंबरात बसून आपापल्या कंपनीचे फॉर्म भरले, आणि माझ्या वर्गाचा वर्षभराचा बॅटऱ्या-केबल्सचा खर्च निघाला. वर्ष संपायच्या आत फॉर्म भरायचा असतो का, हे तेवढं बघा. उलट, ऑफिसातले जुने लॅपटॉप न विचारता आणू नका. डिस्ट्रिक्टला प्रत्येक यंत्र स्वतःच्या व्यवस्थेत नोंदवावं लागतं, सुरक्षित ठेवावं लागतं. आणलेले लॅपटॉप परत न्यावे लागले की दोन्हीकडे मनं दुखावतात.

राष्ट्रीय पातळीवरच्या फाउंडेशनांकडे जाताना त्यांची सूचनापत्रिका दोनदा वाचा, मग तिथल्या प्रोग्रॅम ऑफिसरला (ग्रँट्सचं काम बघणाऱ्या अधिकाऱ्याला) फोन करा किंवा ईमेल पाठवा. आपल्या लोकांना इथे संकोच होतो. ताकाला जाऊन भांडं लपवू नका. “आम्हाला साधारण दहा हजार हवेत, त्यातले बहुतेक शिक्षकांच्या वेळेसाठी, हे तुमच्यात बसतं का?” असं सरळ विचारा. एकदा मला पलीकडून “आम्ही मानधन देत नाही” असं उत्तर मिळालं आणि माझे तीन आठवडे वाचले.

बजेटबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण अर्ज तपासणारे बजेट आधी वाचतात असा माझा अनुभव आहे. किट्सच्या त्या प्रकारानंतर मी लिहिलेल्या अर्जाची मर्यादा १०,००० डॉलर होती. विज्ञानाचे आम्ही सहा शिक्षक. प्रत्येकाला तीन दिवस प्रशिक्षण, त्या दिवशी वर्गावर सब (बदली शिक्षक) हवा : १५० डॉलरप्रमाणे १८ दिवसांचे २,७००. उन्हाळ्यात प्रत्येकी २० तास बसून धडे लिहायचे, तासाला ४० डॉलर : ४,८००. मायक्रोबिट बोर्ड (प्रोग्रॅम लिहून चालवायचे छोटे कम्प्युटर) ७२, म्हणजे प्रत्येक वर्गात दोघांत एक, २० डॉलरप्रमाणे १,४४०. बॅटऱ्या, केबल्स, डबे ३६०. इथवर ९,३०० झाले आणि मी थांबले होते. बिझनेस ऑफिसमधल्या बाईंनी कागद परत पाठवला : मानधन आणि सबच्या पगारावर डिस्ट्रिक्टला ७.६५ टक्के सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअर भरावं लागतं, ते कुठे आहे? ७,५०० वर ५७४ डॉलर. एकूण ९,८७४. त्यांनी पकडलं नसतं तर ते पैसे शाळेच्या खिशातून गेले असते आणि पुढच्या वेळी माझ्या अर्जावर सही मिळणं अवघड झालं असतं.

त्या बजेटमध्ये वस्तूंचा वाटा पाचव्या हिश्शाहून कमी आहे, हे बघा. बाकी सगळं माणसांच्या वेळेसाठी. तिसऱ्या वर्षाचं उत्तरही त्यातच होतं : सहाही शिक्षकांना येतं, धडे लिहिलेले आहेत, विज्ञानाच्या तासात ते बसलेले आहेत, पुढे लागतील त्या फक्त बॅटऱ्या, आणि त्या देण्याचं पत्र पीटीएनं जोडलं होतं. मंजुरीच्या पत्रात याच भागाचा खास उल्लेख होता.

क्रोमबुक्स घ्यायचीच असतील तर एक गोष्ट तपासा. प्रत्येक मॉडेलला सुरक्षेचे अपडेट कधीपर्यंत मिळणार याची तारीख ठरलेली असते. २०२१ पासूनच्या मॉडेल्सना ते दहा वर्षं मिळतात, पण ही दहा वर्षं मॉडेल बाजारात आल्यापासून मोजतात, तुम्ही विकत घेतल्यापासून नाही. स्वस्तात मिळणाऱ्या जुन्या मॉडेलची बरीच वर्षं आधीच संपलेली असू शकतात.

मूल्यमापनाच्या रकान्यात “मुलांची आवड वाढेल” लिहून माझा एक अर्ज गेला. नकार आल्यावर मी परीक्षकांचे शेरे मागितले, आणि त्यांनी ते पाठवले. शेरा एकच होता : आवड वाढली हे तुम्हाला कळणार कसं? पुढच्या वेळी मी तीन गोष्टी लिहिल्या. सप्टेंबर आणि मेमध्ये तीच दहा प्रश्नांची चाचणी. प्रत्येक मुलानं स्वतः लिहिलेला आणि चालणारा एक प्रोग्रॅम. आणि आठवी संपताना हायस्कूलसाठी कम्प्युटर सायन्स निवडणाऱ्यांत मुलींचं प्रमाण. न्यू जर्सीत २०१८-१९ पासून प्रत्येक पब्लिक हायस्कूलला कम्प्युटर सायन्सचा कोर्स ठेवावाच लागतो, त्यामुळे हा आकडा गायडन्स ऑफिसात तयार मिळतो. तुमच्या राज्यात नियम वेगळा असेल. मोजायला सोपं आणि आधीच कुठेतरी नोंदलं जाणारं काहीतरी शोधा. नवी मोजदाद उभी करत बसलात तर फेब्रुवारीत ती सुटते.

नकार आला की शेरे मागायचेच. आमच्यातल्या कितीतरी हुशार शिक्षकांनी पहिल्या नकारानंतर पुन्हा लिहिलं नाही, याचं मला फार वाईट वाटतं. तोच अर्ज मी दुसरीकडे पाठवला आणि तो मंजूर झाला.

मुदतीचं गणित उलटं मांडा. शाळेच्या नावे कुणी पैसे मागायचे आणि स्वीकारायचे, हे तुम्ही किंवा मी ठरवत नाही. प्रिन्सिपल, सुपरिंटेंडंटचं (डिस्ट्रिक्टच्या प्रमुखाचं) ऑफिस, बिझनेस ऑफिस, टेक्नॉलॉजी विभाग या सगळ्यांच्या सह्या, आणि आमच्याकडे बोर्ड ऑफ एज्युकेशनचा (डिस्ट्रिक्टच्या कारभारी मंडळाचा) ठराव. बोर्डाच्या बैठकीचा अजेंडा काही दिवस आधीच बंद होतो. म्हणून अर्जाच्या तारखेआधी आठ आठवडे पहिला कागद प्रिन्सिपलच्या टेबलावर हवा. ॲप किंवा वेबसाइट वापरणार असाल तर विद्यार्थ्यांच्या माहितीच्या सुरक्षेची परवानगीही तेव्हाच मागा, ती सगळ्यात सावकाश येते. पाठिंब्याची पत्रं मागताना कोऱ्या पानाची अपेक्षा ठेवू नका. त्या माणसानं नेमकं काय द्यायचं कबूल केलंय, ते दोन ओळींत लिहून पाठवा. “हा उपक्रम स्तुत्य आहे” या पत्रापेक्षा “मी दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी दोन तास वर्गात येईन” हे पत्र जड भरतं. वर म्हटलेल्या पालकांपैकी एकानं तसं लिहिलं आणि दोन वर्षं पाळलं.

पैसे आल्यावर घाई असते ती ३० जूनची. न्यू जर्सीत शाळांचं आर्थिक वर्ष १ जुलैला सुरू होतं आणि वर्षअखेरीला बिझनेस ऑफिस नवे पर्चेस ऑर्डर बरेच आधी थांबवतं. एप्रिलनंतर काही मागवायचं नाही, असं मी धरून चालते. स्वतःच्या क्रेडिट कार्डावर घेऊन नंतर भरपाई मागू नका, पर्चेस ऑर्डरशिवाय केलेला खर्च परत मिळेलच असं नाही. काही खर्च राहणार असेल तर मुदत संपायच्या आधी देणाऱ्याला लेखी विचारा. मी दोनदा विचारलं, दोन्ही वेळा मुदतवाढ मिळाली. आलेल्या प्रत्येक वस्तूवर डिस्ट्रिक्टचा टॅग लावून घ्या आणि यादी दोन माणसांकडे ठेवा.

अहवाल वेळेच्या आधी पाठवा आणि त्यात जमलं नाही तेही लिहा. मी लिहिलं होतं की सहापैकी एका शिक्षकाच्या वर्गात चारच धडे झाले, कारण त्या वर्षी त्याच्याकडे इंग्रजी नव्यानं शिकणारी मुलं जास्त होती आणि आमचे धडे त्यांच्यासाठी फार शब्दबंबाळ होते. प्रोग्रॅम ऑफिसरनं स्वतःहून फोन केला आणि धडे सोपे करून लिहिण्यासाठी वेगळी छोटी ग्रँट असल्याचं सांगितलं. मुलांचे फोटो जोडताना प्रत्येकाची पालकांनी सही केलेली परवानगी आहे ना, हे बघा. नसेल तर हातांचे आणि बोर्डांचे फोटो काढा.

पालकांना अजून एक. अर्ज लिहायला तुम्ही मदत करू शकता, आकडे जुळवायला तर नक्कीच, पण योजना शिक्षकाचीच असू द्या, कारण सप्टेंबरात वर्गात शिक्षकालाच उभं राहायचं आहे. तुमचं मोठं काम बोर्डाच्या सभेत आहे. वसंतात बजेटची जाहीर सुनावणी होते, तिथे कुणालाही तीनेक मिनिटं बोलता येतं. एका वर्षी आमच्या चार आया ओळीनं उठल्या आणि आपल्या मुलांनी विज्ञानाच्या तासात काय बनवलं ते सांगितलं. त्यातली एक पहिल्यांदाच इंग्रजीत माइकवर बोलत होती, हातातला कागद थरथरत होता. तिच्या मुलीनं घराच्या खिडकीतल्या रोपट्याची माती कोरडी झाली की दिवा लावणारा प्रोग्रॅम लिहिला होता. पुढच्या वर्षीच्या बजेटात आमच्या सब दिवसांची ओळ डिस्ट्रिक्टच्या स्वतःच्या पैशातून आली, आणि अजूनही ती तिथे आहे.